मदत हवी आहे : विंडोज १० बंद झालं, वडिलांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाईली कशा वाचवू?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७६. आधी नारायण पेठेत एका छापखान्यात खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवायचे. मग खिळ्यांचं काम संपत आलं तेव्हा कॉम्प्युटर शिकले आणि घरातच पुढच्या खोलीत डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करणं, सुरू केलं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, कधी दिवाळी अंकाची पानं. ते काम थांबूनही बरीच वर्षं झाली पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही, ती म्हणजे छापखान्यातले शब्द लिहून ठेवणं. गॅली, फर्मा, ट्रेडल, केस, अखंड खिळा, डिग्री खिळा, प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ, तो कोण वापरायचं, कसा वापरायचं. हे सगळं करणारी माणसं आता एकेक करून जातायत आणि हे कुठल्या शब्दकोशात अशा तपशिलात मिळणार नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने घरातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे या २००च्या वर फाईली.

आता अडचण. लॅपटॉप २०१६चा, आय फाइव्ह सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० आहे, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ टाकायला गेलो तर तुमचा प्रोसेसर चालणार नाही असं येतं. घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला मॅडम हा भंगारात द्या, नाहीतर फॉरमॅट मारून देतो, आणि खरंच फॉरमॅट मारायला घेतला होता, मी तिथे उभी होते म्हणून वाचलं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. फाईली मराठीत आहेत पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे. मी चार-पाच फाईली स्वतःला मेल करून मोबाईलवर उघडल्या तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं. अण्णांनी ते बघितलं आणि काही न बोलता चष्मा काढून ठेवला. त्या दिवसापासून माझ्या मागे एकच काम आहे.

बऱ्याच फाईली वर्डच्या आहेत, तीसेक पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या. टायपिंगच्या पॅकेजचं हार्डवेअर लॉक (मागे लावायचा तुकडा, तो नसला की पॅकेज चालत नाही) पूर्वीच्या डेस्कटॉपला लागायचं, तो डेस्कटॉप गेला, लॉक आहे पण आताच्या लॅपटॉपला ते भोकच नाही. डिस्क अधूनमधून टकटक आवाज करते. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि बॅटरी केव्हाच मेलीय, तेव्हा दोनदा अशीच बंद पडलीय. काय आधी करू, काय नंतर? नवीन लॅपटॉप घ्यायची तयारी आहे पण अण्णांना नवीन काही शिकायला लावायचं नाहीये, डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

प्रतिसाद

ताई, विंडोज राहू द्या बाजूला. डिस्क टकटक करतेय म्हणजे ती जायच्या वाटेवर आहे, आणि गेली की वर लिहिलेलं काहीच उरणार नाही. आत्ता लॅपटॉप बंद करा आणि उद्यापर्यंत चालू करू नका. विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क वगैरे मुळीच चालवू नका, आजारी डिस्कला त्यानेच जास्त त्रास होतो. पेन ड्राईव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करा (इन्स्टॉल नाही करायचं, नुसतं पेन ड्राईव्हवरून चालतं) आणि आधी फक्त त्या फाईलींचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. तो हातात आल्यावर मग डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत काढा, ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या भागावर नंतर परत येतं. फोल्डरबरोबर विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डरही उचला. हे विसरू नका, लोक फाईली घेतात आणि फॉन्ट मागे ठेवतात.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास एसएसडी (न फिरणारी, नव्या प्रकारची डिस्क) आणि डिस्क बाहेरून जोडायची डबी दोन्ही मिळेल. आणि कॉपी एका ठिकाणी ठेवू नका, एक घरात, एक दुसऱ्या घरात कुणाकडे तरी, एक गूगल ड्राईव्हवर.

प्रतिसाद

विंडोजबद्दल. ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची, तुमची सहावी, त्यामुळे रीतसर होणार नाही. आडमार्गाने टाकता येतं पण अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, तेव्हा वडिलांच्या मशीनवर मी ते करणार नाही. १०वरच राहायचं असेल तर एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स आहेत, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. सेटिंग्जमधे अपडेटच्या पानावर नोंदणी दिसेल, २२एच२ व्हर्जन हवं आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन हवं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत.

माझं स्पष्ट मत, चांगला चालणारा प्रोसेसर केवळ यादीत नाही म्हणून माणसाने लॅपटॉप फेकायचा हे मला पटत नाही. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाका, हेच मशीन अजून चार वर्षं लिहिण्या-वाचण्याला पुरेल. बॅटरीही बदला.

प्रतिसाद

डीटीपीत वीस वर्षं काढलीयेत म्हणून फॉन्टबद्दल सांगतो. लॉक नाही म्हणून घाबरू नका, लॉक टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लागतं, फाईल बघायला फक्त फॉन्टची टीटीएफ फाईल पुरते. ती टाकली की अण्णांची पानं जशीच्या तशी दिसतील, विंडोजवरही आणि मिंटमधल्या लिब्रेऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमधेही. पेजमेकरच्या फाईलीसुद्धा लिब्रेऑफिस उघडतं, मांडणी हलते थोडी पण मजकूर निघतो.

कचरा का दिसतो ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या काळी कॉम्प्युटरला देवनागरी कळतच नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवली. फाईलमधे खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत, त्यांच्यावर फॉन्टने मराठीचा अंगरखा घातलाय. फॉन्ट नसला की अंगरखा गेला. युनिकोडमधे (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) देवनागरी १९९१पासून आहे, पण विंडोज २०००मधे मंगल फॉन्ट येईपर्यंत साध्या माणसाच्या हातात काही नव्हतं, आणि डीटीपीवाले तर त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्यातच राहिले कारण पेजमेकरला युनिकोड झेपायचं नाही.

मजकूर युनिकोडमधे न्यायला कन्व्हर्टर असतात. पण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, तेव्हा नेमका तुमच्याच फॉन्टचा हवा. आणि एक चूक करू नका, मजकूर आधी नोटपॅडमधे टाकू नका. वर्डच्या फाईलमधे कुठला शब्द कुठल्या फॉन्टमधे आहे ते लिहिलेलं असतं, नोटपॅडमधे गेलं की ते पुसलं जातं, मग मधे आलेले खरे इंग्रजी शब्दसुद्धा कन्व्हर्टर मराठी समजून वाटोळं करतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री तीन तास बसून फाईली निघाल्या, २१७ मिळाल्या, २ वाचता आल्या नाहीत. फॉन्टही मिळाले. एसएसडी बसवली, रॅम वाढवली, मिंट टाकलं. सकाळी अण्णांना दाखवलं तर त्यांनी पहिल्यांदा अक्षराच्या वळणाला हात लावला, स्क्रीनवरच.

फॉन्टबद्दल वरचं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते जे बोलले ते इथे लिहायलाच हवं. म्हणाले, अगं हे तर खिळे जुळवणंच आहे. 'खिळा' शब्द जुळवताना जुळारी आधी वेलांटी लावणार, मग ख, मग ळ, मग काना, कारण डोळ्याला तसं दिसतं. 'फर्मा' जुळवताना फ, म, काना आणि रफार शेवटी डोक्यावर. जुना फॉन्ट अगदी तसाच टाईप करायचा, म्हणून त्यांना तो महिन्याभरात जमला. आणि युनिकोडमधे मी पाहिलं तर 'खिळा' म्हणजे ख, वेलांटी, ळ, काना, आणि 'फर्मा'मधे र् आधी येतो, म मागून, म्हणजे आपण जसं बोलतो तसं. एक डोळ्याचा क्रम, एक तोंडाचा. कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलायची नसतात, क्रमही फिरवायचा असतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आता पुढचा प्रश्न. फॉन्टचा कन्व्हर्टर सापडला, चालतोय, पण 'ऱ्या' सगळीकडे चुकतोय. 'जुळाऱ्याचा हात' याचं 'जुळार्याचा हात' होतंय, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. कन्व्हर्टर मूळ हिंदीसाठी केलेला दिसतो, हिंदीत हा ऱ्या लागत नाही. सरसकट शोधून बदलून टाकू का?

प्रतिसाद

सरसकट मुळीच नको! पर्याय, मर्यादा, कार्यालय यांची वाट लागेल. शिवाय आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात फरक आहे, दर्या आणि दऱ्या यात फरक आहे, मशीनला तो कळणार नाही.

प्रतिसाद

पेजमेकरच्या ज्या फाईली नीट उघडत नसतील त्यांच्यासाठी दुसरा रस्ता. फॉन्ट टाकलेल्या मशीनवर पान दिसतंय तसं पीडीएफ करा, त्याची चित्रं करून गूगल ड्राईव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. तो चित्रातलं मराठी वाचून युनिकोडमधे देतो. नेटवर टाकायचं नसेल तर टेसरॅक्ट या आपल्याच मशीनवर चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधेही मराठी आहे. जोडाक्षरं चुकतात अधूनमधून, तपासावं लागेल, पण परत टाईप करण्यापेक्षा कितीतरी बरं.

प्रतिसाद (वरचा डीटीपीवालाच)

ऱ्याचं उत्तर कन्व्हर्ट झालेल्या मजकुरात शोधू नका, तिथे दोन्ही एक होऊन बसलेत. मूळ फाईलकडे परत जा. जुन्या मराठी फॉन्टमधे रफार आणि ऱ्याचा तो आडवा र ही दोन वेगळी चित्रं असतात, दोन वेगळ्या जागांवर. म्हणजे अण्णांनी टाईप करतानाच फरक नोंदवून ठेवलाय, कन्व्हर्टर तो हरवतोय. असे बरेच कन्व्हर्टर म्हणजे एक साधं एचटीएमएल पान (वेबपान) असतं, ते सेव्ह करून उघडा, आत दोन याद्या दिसतील, एकात जुनी चिन्हं, दुसऱ्यात युनिकोड. आडव्या रच्या चिन्हासमोर साधा र आणि हलन्त (पाय मोडायची खूण) असेल, तिथे नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त टाका. पुरे.

धागाकर्ती

झालं!!! एका ओळीचा बदल. काल रात्री ६० फाईली काढल्या, जुळाऱ्याचा हात जुळाऱ्याचाच राहिला. अण्णांना विचारलं तर म्हणाले मराठीच्या केसमधे (खिळे ठेवायचा खणांचा ट्रे) ऱ्याचं घर वेगळंच असायचं, हिंदीचं काम आलं की ते घर तसंच भरलेलं राहायचं.

स्क्रीनवर तपासायला त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी मोठ्या अक्षरात, दोन ओळींत अंतर सोडून प्रिंट काढून देतेय, ते लाल पेनने प्रूफ तपासतात तसे तपासतात, समासात खुणा करून. त्या खुणा मला आता शिकायला लागल्यात. पहिल्या दहा पानांत कन्व्हर्टरच्या चुका सात आणि त्यांनी स्वतःच्या जुन्या मजकुरात केलेल्या दुरुस्त्या एकवीस, शिवाय 'गॅली'खाली अर्धं पान नवीन लिहून दिलंय.

दोन वाचता न आलेल्या फाईलींचं काय करता येईल ते कुणाला माहीत असेल तर सांगा. एकीचं नाव 'डिग्री' आहे, ती अण्णांना हवी आहे.