शब्द नोंदवत राहायचे आहेत, पण वाचणारेच नाहीत. मन कसे टिकवावे?

शिवळ (करमाळा तालुका)

नमस्कार. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. २०२१च्या पावसाळ्यापासून दर गुरुवारी शेतीतला एक जुना शब्द लिहून मी समाजमाध्यमावर ठेवत आले आहे. माझे वडील आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्या तोंडी जे शब्द सहज येतात ते माझ्या मुलाला मुळीच कळत नाहीत, हे एका दुपारी लक्षात आले आणि हे काम सुरू झाले. नांगराचे रुमणे, हाळस आणि फाळ, पाभरीचे चाडे, कुळवाची पास, खळ्यातला तिवडा, वारा देण्याची वावडी असे करत आजवर १८३ शब्द झाले आहेत.

एका शब्दामागे किती वेळ जातो, याचे एक उदाहरण देते. मोट म्हणजे विहिरीतून बैलांकरवी पाणी ओढण्याची चामड्याची मोठी पिशवी. तिला दोन दोर असतात, एक नाडा आणि दुसरा सोंदूर. नाडा मला लगेच समजला, पण सोंदुराचे काम काही केल्या ध्यानात येईना. शेवटी वडिलांनी जुना पायजमा मागवला, त्याचा एक पाय कापून घेतला आणि ती मोटेची सोंड, म्हणजे पाणी बाहेर पडण्याची नळी, आहे असे समजायला सांगितले. पायाच्या टोकाला त्यांनी सुतळी बांधली, तो सोंदूर; वरच्या तोंडाला दुसरी बांधली, तो नाडा; आणि मोरीत बसून बादलीतून पाणी उपसून दाखवले. टोकाची सुतळी ताणलेली असते तोवर सोंड वर दुमडलेली राहते आणि पाणी सांडत नाही. मोट थारोळ्यापाशी, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडापाशी, आली की तीच सुतळी सोंडेला पुढे ओढून घेते आणि सगळे पाणी थारोळ्यात मोकळे होते. सोंदूर नाड्यापेक्षा बारीक का, आणि दोन्ही दोरांची लांबी बेताची का ठेवावी लागते, हे त्या दिवशी मला एकदम उमगले. त्यावर मी तीन संध्याकाळी बसून लिहिले. तो मजकूर अकरा जणांनी वाचला आणि त्यांतले चार माझ्याच घरातले होते.

त्याच आठवड्यात आमच्या दारातल्या बोगनवेलीचे छायाचित्र सहज म्हणून टाकले होते. त्याला शेकडो लोकांनी दाद दिली. मला लोकांचा राग येत नाही. परंतु गेले दोन महिने गुरुवार आला की हात जड होतो, आणि वडील विचारतात, "या आठवड्याला कुठला शब्द घेतलास?", तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. प्रसिद्धीची हाव मला नाही, पण आपण बोलतो आहोत ते कोणाच्या तरी कानावर पडते आहे एवढे तरी कळावे असे वाटते. ज्यांनी वाचकांवाचून दीर्घकाळ लिहिले आहे त्यांनी हे मन कसे सांभाळले, ते कृपया सांगावे.

अक्षरजुळारी

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी तुमचे मागचे पंचवीस-तीस लेख पाहून आलो. मनाविषयी इतर लोक माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षे संपादन करतो, त्यामुळे मला जी गोष्ट दिसली ती अगदी व्यवहाराची आहे आणि ती आधी सांगणे मला आवश्यक वाटते.

तुम्ही मजकूर रंगीत पार्श्वभूमीवर, वळणदार अक्षरांत, चित्र करून टाकता. ते दिसते सुरेख, परंतु चित्रातली मराठी अक्षरे शोधयंत्राच्या हाती सहसा लागत नाहीत. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने "सोंदूर म्हणजे काय" असे शोधले, तर तुमचे ते तीन संध्याकाळींचे काम त्याच्यासमोर येण्याची शक्यता फार कमी आहे. शिवाय समाजमाध्यमावरचा मजकूर दोन दिवसांत खाली वाहून जातो आणि पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नाही. वाचक आला नाही असे आपण म्हणतो, पण इथे वाचकाला यायला वाटच ठेवलेली नाही.

तेव्हा सगळा मजकूर साध्या युनिकोड अक्षरांत, स्वतःच्या एका कायमच्या पानावर ठेवा, आणि एका पानावर एकच शब्द घ्या. जुन्या पद्धतीच्या टंकात, म्हणजे ज्यात पडद्यावर मराठी दिसते पण आत रोमन अक्षरे साठवलेली असतात अशा टंकात काही लिहिलेले असेल, तर तेही बदलून घ्या. शब्दाची जितकी रूपे बोलली जातात तितकी त्याच पानावर लिहा. लोक पुस्तकी "रुमणे" शोधत नाहीत. ते "रुमणं" किंवा "रुमनं" असे टंकतात, आणि कित्येक जण तर रोमन अक्षरांतच लिहून पाहतात. शीर्षकात अलंकार नको, शब्द आणि त्याचे काम पुरे.

आणि कृपया वडिलांचा पायजम्याचा प्रयोग चलचित्र म्हणून नोंदवून ठेवा. मी मोट चित्रांत अनेकदा पाहिली आहे, परंतु सोंदुराचे काम मला आज पहिल्यांदा समजले.

कोशवाचक

मी उपजीविकेसाठी भाषांतर करते आणि दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी कोश उघडते. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते आहे.

तुम्ही जे लिहिता ते अकरा जणांनी वाचले, हे मोजमाप बातमीला किंवा कथेला लागू होईल. शब्दाची नोंद हा वेगळा प्रकार आहे. तिच्याकडे कोणी दर गुरुवारी वाट पाहत येत नाही. ज्याला अडले आहे तो येतो, आणि त्याला कधी अडेल हे लिहिणाऱ्याला आधी ठाऊक नसते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्या कामात कँडी बंधू होते, आणि गावोगावचे शब्द गोळा करून त्यांचे अर्थ पारखणारे मराठी शास्त्रीही होते. त्या शास्त्र्यांची नावे आज फारशी कोणी घेत नाही. मी मात्र त्यांच्या कामाला रोज हात लावते, कारण ती दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात कोणालाही पाहता येते. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला आणि १९५० मध्ये पुरवणी विभाग निघाला. तोही आता संगणकावर शोधता येतो. असा कोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत किती जणांनी वाचला असेल असे कोणी विचारत नाही, कारण तो तसा वाचायचा नसतोच.

तुमच्या कामाची एक बाजू मात्र कोशांनाही सहसा जमत नाही, आणि ती मला फार मोलाची वाटते. कोशकाराला जागा तोकडी असते. "मोटेचा दोर" एवढे लिहून त्याला पुढच्या शब्दाकडे जावे लागते. दोर बारीक का, तो ताणलेला कधी आणि ढिला कधी, तो तुटला तर काय होते, त्या वेळी बैल धावेवर, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवर, कुठे असतात, हे ज्याने मोट हाकली तोच सांगू शकतो. अशी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. मागे मला एका कथेच्या भाषांतरात मोटेचा प्रसंग होता आणि मी दोन दिवस अडून बसले होते. तुमचे पान तेव्हा मला सापडते तर मी तुम्हाला त्याच रात्री पत्र लिहिले असते.

एक विनंती आहे. प्रत्येक नोंदीखाली शब्द कोणाकडून, कोणत्या गावी आणि कोणत्या साली ऐकला ते लिहा. व्यक्तीचे नाव द्यायचे नसेल तर वय आणि तालुका पुरे. त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला ती नोंद विश्वासाने वापरता येईल.

उत्तररात्र

वरचे दोन्ही सल्ले मला पटतात, तरीही एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. "पुढे कोणाला तरी उपयोग होईल" हा विचार खरा असला तरी आजच्या गुरुवारी तो पुरत नाही. मी एका लहान गावातून २२ वर्षे दिवाळी अंक काढला. शेवटच्या काही वर्षांत गठ्ठे घरातच पडून राहत. पुढच्या पिढीचा विचार करून मला कधी झोप लागली नाही. मला बळ आले ते दोन माणसांमुळे. त्यांतले एक निवृत्त टपाल कर्मचारी होते. ते दर वर्षी अंक वाचून मुद्रणदोषांची यादी आणून देत आणि मग चहा घेत तासभर प्रत्येक लेखाविषयी बोलत. ते वारल्यावर मी अंक बंद केला. तेव्हा संख्या गौण आहे असे स्वतःला बजावत बसू नका. तुम्हाला वाटणारा एकटेपणा खरा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन होईपर्यंत ते चालवले. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे त्यांची प्राध्यापकाची नोकरी आधीच गेली होती. मासिक तोट्यात होते, अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांतला १९३४चा खटला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला. त्यांच्या चिकाटीचे आपण कौतुक करतो, पण पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी खंबीर उभ्या होत्या, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. माझ्या मते तेच आधी सांगायला हवे. एकट्याच्या निश्चयावर इतकी वर्षे निघत नाहीत.

तुमच्याकडे असा वाचक घरातच आहे. वडील दर आठवड्याला शब्द विचारतात, आणि तुम्ही मात्र त्यांना अकरांतल्या चार घरच्यांमध्ये मोजून वजा करता. लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवता का? दाखवत नसाल तर तिथून सुरुवात करा. चुका ते काढतील.

आणखी एक. गुरुवारचा नेम तुमचा तुम्हीच घातलेला आहे. पेरणी-काढणीच्या दिवसांत तो मोडला तर मोडू द्या. १८३ शब्दांनंतर महिन्याला दोन शब्द झाले म्हणून काम थांबले असे कोणी म्हणणार नाही. मात्र जी नोंद कराल ती सोंदुरासारखी करा. तुमच्या मधल्या काही नोंदी दोन ओळींत उरकलेल्या दिसल्या. त्या नेमासाठी लिहिल्या असाव्यात, असे मला वाचताना जाणवले. स्पष्ट बोललो, राग मानू नये.

पूर्णाकाठ

मॅडम, मी अकोला जिल्ह्यातला आहे आणि कृषी पदविकेला शिकतो. गेली दोन वर्षे मी तुमचे सगळे शब्द वाचत आलो, पण एकदाही दाद दिली नाही किंवा एक ओळ लिहिली नाही. आज तुमचा प्रश्न वाचून मला अपराधी वाटले.

पिकाच्या ओळींतले तण काढणाऱ्या कोळप्यावरची तुमची नोंद मी आमच्या आजोबांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "हा तर आपला डवरा." त्यावरून त्यांनी डवरणीविषयी सांगायला सुरुवात केली. कपाशीच्या दोन ओळींतून डवरा चालवताना बैलांच्या तोंडाला मुस्के का बांधायचे, पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येईपर्यंत किती थांबायचे, असे ते बराच वेळ बोलत राहिले. एरवी ते माझ्याशी जेवणाखेरीज फारसे बोलत नाहीत. ती संध्याकाळ तुमच्यामुळे झाली. हे तुम्हाला कळवायला हवे होते आणि मी कळवले नाही.

आमच्याकडचे शब्द तुमच्यापेक्षा बरेच वेगळे आहेत. तुमची हरकत नसेल तर तुमच्या प्रत्येक शब्दासमोर आमच्या भागात त्याला काय म्हणतात ते आजोबांना विचारून मी लिहून पाठवत जाईन.

शिवळ (करमाळा तालुका)

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. उत्तररात्र सर, राग मुळीच आला नाही. दोन ओळींच्या त्या नोंदी खरोखरच बुधवारी रात्री अकरा वाजता लिहिलेल्या आहेत. एकूण सत्तावीस निघाल्या, आणि आता नवे शब्द बाजूला ठेवून आधी त्या पुन्हा लिहायच्या असे ठरवले आहे. चित्रांतला मजकूर साध्या अक्षरांत उतरवायला मुलाला बसवले आहे. तोही त्या निमित्ताने वाचेल.

काल रात्री सोंदुराची नोंद वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली आणि एक चूक काढली. बैल धावेवरून खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसतो, हे मी लिहिलेलेच नव्हते. बसला नाही तर काय होते असे विचारले, तेव्हा म्हणाले, "बैलांच्या मानेवर सगळा भार येतो की." हे आज नोंदीत घातले आणि खाली त्यांचे वय व तालुका लिहिला.

पूर्णाकाठ, तुमच्या आजोबांना आमच्या घरचा नमस्कार सांगा. पहिला शब्द आजच विचारते. कुळवाची पास, म्हणजे त्याचे लोखंडी पाते, ज्या दोन दांड्यांत बसवलेली असते त्यांना आमच्याकडे जानवळी म्हणतात. तुमच्या वखराला, म्हणजे आमच्या कुळवाला, त्या दांड्यांचे नाव काय, आणि त्या बाभळीच्याच करतात का?