आजोबांची १९६८ सालची जावा : आधी रंग की आधी इंजिन?

रेवाकाठ

नमस्कार. इंदूरला रामबागेतील आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली आजोबांची जावा २५० ही मोटारसायकल गेली एकवीस वर्षे उभी होती. गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली असून तिची नोंदणी १९६८ सालची आहे. आजोबा २०११ साली गेले. नोंदणीपुस्तक अजून त्यांच्याच नावावर आहे आणि त्यातील शेवटच्या नूतनीकरणाची मुदत २००४ साली संपली. गेल्या महिन्यात गाडी अंगणात काढली, तेव्हा गिअरची दांडीच आत दाबून वर फिरवली की तिची किक होते, ही गंमत मला पहिल्यांदा कळली. किक मारून पाहिली तर इंजिन जड का होईना, पण फिरते आहे.

ज्या मेकॅनिकला गाडी दाखवली, त्याचे म्हणणे असे की सगळी गाडी खोलून फ्रेमला सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढणे) आणि पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) करावे, टाकीवर नवे क्रोम चढवावे आणि वायरिंग १२ व्होल्टचे करून घ्यावे. इंजिनाचे नंतर पाहू. मला ती दिवाणखान्यात मांडायची नाही. रविवारी सकाळी लवकर निघून महू आणि जाम गेटमार्गे महेश्वरपर्यंत जाता यावे, एवढीच इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी, आणि कागदपत्रांचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_पाना

ताई, रंग तूर्त बाजूला ठेवा. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद पेटीतले, पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते आणि तेच वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा पंपच असतो, आणि तो हवाबंद नसेल तर बाकी सगळे नवे घालूनही उपयोग होत नाही. एवढी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंची ऑइल सील (हवा-तेल अडवणारी रबरी कडी) कडक होऊन आक्रसलेली असणार, असे धरूनच चालावे. डाव्या, म्हणजे प्रायमरी चेनच्या बाजूचे सील गेले, तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि दोन्ही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो. शेजारीपाजारी तक्रार करतात, म्हणून हा दोष निदान लपून राहत नाही. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचे सील गेले, तर मात्र बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पेट्रोलबरोबर येणारे वंगणही त्याच प्रमाणात कमी पडते, आणि सपाटीवर गोड चालणारी गाडी चढावर तापून सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतो. याची आगाऊ सूचना देणारा धूर कुठेच दिसत नाही. आरामात उभी असताना इंजिन आपोआप जास्त फिरू लागले, तर तेवढीच खूण समजावी. माझ्या १९७१ च्या जावाची ही खूण मी कार्ब्युरेटरच्या माथी मारली, आणि मानपूरच्या पुढे घाटात तिचे मागचे चाक जागच्या जागी जखडले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून पडलो नाही. तेव्हापासून चढावर माझी दोन बोटे क्लचच्या मुठीवरच असतात.

क्रँककेस खोलावीच लागली, तर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग त्याच वेळी तपासून घ्या. त्याआधी घरी करण्यासारखे थोडे आहे. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडा आणि किक हाताने हळूहळू फिरवा. पाय वापरू नका. उजवीकडचे झाकण काढून पॉइंट (प्लगची ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे संपर्क) स्वच्छ करा, त्यांतील फट ०.३ ते ०.४ मि.मी. ठेवा आणि कंडेन्सर नवाच घाला. १२ व्होल्टचा आग्रह मला समजला नाही. ६ व्होल्टचा दिवा मिणमिणता असतो हे खरे, पण आपण सकाळीच निघणार आहात.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचे मिळते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून पेट्रोलच्या कॉकमधील जुने बूच आणि रबरी नळी बदला, आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. पेट्रोलात मिसळायच्या ऑइलचे प्रमाण १:२५, म्हणजे लिटरमागे ४० मि.ली. आजकालचे ऑइल चांगले असते म्हणून कमी घाला, असे सांगणारे भेटतील. या इंजिनात त्यांचे ऐकू नये, असे माझे मत आहे.

नोंदपुस्तक

कागदांबद्दल लिहितो, कारण त्यांचा रंगकामाशी थेट संबंध आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार न करता मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी त्यात बसते. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती अशाच कारणांसाठी ती चालवायची असते. दर रविवारी महेश्वरला जाणे यात कसे बसवणार? म्हणून आपण व्हिंटेजच्या मागे न लागता साधी नोंदणीच पुन्हा जिवंत करावी, असे मला वाटते.

त्यासाठी आधी वारसाच्या नावे हस्तांतरण करावे लागेल. त्याचा अर्ज नमुना ३१ मध्ये असतो, आणि त्याला आजोबांचा मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमती जोडावी लागते. काका-आत्या असतील तर सह्या आत्ताच घ्या, गाडी चमकल्यावर मागायला जाऊ नका! हाताने लिहिलेल्या पुस्तकातील नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर ते काम सर्वांत आधी करावे लागते. त्यामुळे नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात मूळ पुस्तक घेऊनच जा.

आता रंगाचा संबंध सांगतो. नूतनीकरणाच्या तपासणीत फ्रेमवर कोरलेल्या चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात. पावडर कोटिंगचा थर जाड असतो आणि तो कोरलेल्या आकड्यांत भरून बसतो. माझ्या एका मित्राच्या फ्रेमवर असेच झाले, पुढे तो थर खरवडताना एका ८ चा ३ झाला, आणि ही तीच गाडी असल्याचे पटवून देण्यात त्याचे वर्ष गेले. फ्रेम कोणाच्याही हाती देण्यापूर्वी क्रमांकाचा ठसा आणि छायाचित्र घ्या, आणि तेवढ्या जागेवर पट्टी चिकटवून ती झाकायला सांगा.

घाटवळण

वरील दोघांशी बहुतेक बाबतींत सहमत आहे, पण रंग बाजूला ठेवा हे मला सरसकट मान्य नाही. माझ्या येझदीच्या (जावाचीच पुढची गाडी) बॅटरीखालची फ्रेम वरून ठीक दिसत होती; पाना हलकेच ठोकून पाहिला, तर इतरत्र खणखणीत आवाज आणि तिथे मात्र बद्द. बॅटरीचे ॲसिड वर्षानुवर्षे ठिबकून नळी आतून खाल्ली गेली होती. आपणही बॅटरीखाली, स्टँडच्या सांध्यात आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला ठोकून पाहा. तिथे बद्द आवाज आला, तर वेल्डिंग आणि रंग दोन्ही करावेच लागतील, आणि त्यात मूळपण गेल्याचे वाईट वाटून घेऊ नये.

टाकीला मात्र हात लावू देऊ नका. चांगल्या क्रोमखाली तांबे आणि निकेल यांचे थर असतात. स्वस्तात काम करणारे ते थर पातळ ठेवतात किंवा गाळतात, आणि त्याआधी जुना थर काढताना पत्रा घासून कडा बोथट करतात. क्रोम आणि मरून रंग यांच्यामधली जी बारीक सोनेरी रेघ असते, ती एकदा गेली की पुन्हा तशी ओढणारा हात मिळत नाही. आमच्याकडे एका कामात ती चक्क स्टिकरची आली.

रेवाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी घाटवळण यांनी सांगितल्याप्रमाणे सगळीकडे ठोकून पाहिले. स्टँडच्या डाव्या सांध्याखेरीज आवाज सर्वत्र खणखणीत आला. चेसिस क्रमांकाचे चार ठसे घेतले असून त्यांतला एक नोंदणीपुस्तकात ठेवला आहे. पॉइंट घासल्यावर ठिणगी आली, आणि प्लगच्या भोकातून थोडे पेट्रोल सोडून किक मारली तेव्हा इंजिन सहा-सात सेकंद धडधडले. त्या आवाजाने आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. सील बदलेपर्यंत मात्र पुन्हा चालू करणार नाही. त्या मेकॅनिकला पावडर कोटिंग, क्रोम आणि १२ व्होल्ट या तिन्ही गोष्टींना नाही म्हणून कळवले.

जुना_पाना यांच्यासाठी एक गोष्ट. बाजूच्या हत्यारांच्या पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेले पितळेचे लहान फुलपात्र सापडले, ज्याच्या आतल्या बाजूला कानशीने ओढलेली आडवी रेघ आहे. रेघेपर्यंत पाणी भरून ते इंजेक्शनच्या सिरिंजने मोजले. बरोबर २०० मि.ली. भरले, म्हणजे पाच लिटर पेट्रोलाचे ऑइल. आजी म्हणते, हे तिच्या रुखवतातले फुलपात्र आहे आणि ते हरवले म्हणून तिने घरात काम करणाऱ्या बाईला बोल लावला होता.