मदत हवी आहे: दुसरी अवस्था नेमकी कुठून धरायची?

निपाणीत बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. बदलत्या प्रमाणाच्या नियमापाशी (बाकी साधनं तीच ठेवून एकच वाढवत नेलं, तर उत्पादन तीन अवस्थांतून कसं बदलतं ते सांगणारा नियम) गाडी अडली आहे. पोरांच्या ओळखीचं म्हणून गुऱ्हाळ घेतलं: चरक एक, काईल (रस उकळायची कढई) एक, फक्त मजूर वाढवायचे. एक ते सहा मजूर असताना दिवसाचे एकूण गुळाचे रवे धरले ८, २०, ३३, ४४, ५०, ५० (आकडे समजावण्यापुरते). सीमांत उत्पादन (आणखी एका मजुरामुळे वाढलेले रवे) येतं ८, १२, १३, ११, ६, ०, म्हणजे घसरण चौथ्या मजुरापासूनच. दर मजुरामागची सरासरी मात्र तिसऱ्याला ११, चौथ्यालाही ११. ती उतरते पाचव्यापासून.

पहिली अवस्था सरासरीच्या शिखरापर्यंत, आणि सीमांत रेषा तिला तिथेच छेदते, हे आलेख काढून दाखवलं. तरी एका मुलीची शंका मला अगदी रास्त वाटते: चौथ्यापासूनच फळ घटायला लागलं, तर तो अजून पहिल्या अवस्थेत कसा?

काईल वाढवायची नाही, त्यामुळे प्रमाणफलाचा (सगळीच साधनं एकत्र वाढवली तर काय होतं, याचा) विषय इथे नको. कलनशास्त्रही या मुलांना नाही. मग सीमांत उत्पादन घटू लागणं आणि दुसरी अवस्था सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुऱ्हाळवाला तीन मजुरांवरच का थांबत नाही, हे याच तक्त्यावरून कसं पटवून द्यावं?