मदत हवी आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल

द्राक्षवेल:

नमस्कार. माझी मोठी बहीण, वय ४४, तासगावला असते. मॅमोग्राफीत शंका आली म्हणून मिरजेला बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये 'एटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया' आलं. म्हणजे कॅन्सर नाही, पण दुधाच्या नळ्यांतल्या पेशी जास्त आणि जरा वेड्यावाकड्या वाढल्यात, त्यामुळे पुढे कॅन्सर होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन समजावलं. तेवढा भाग छोटं ऑपरेशन करून काढलाय. आता पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन नावाची गोळी, २० मिग्रॅ, रोज एक, पाच वर्षं घ्यायला सांगितलं आहे.

ताई तयार नाही, आणि मला तिचं म्हणणं पटतं. आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशननंतर तिनं हीच गोळी घेतली. रात्री-अपरात्री अंगातून वाफा निघायच्या, घामानं कपडे भिजायचे. ताई तेव्हा आईजवळ होती. ती म्हणते, "आईला आजार होता म्हणून तिनं सोसलं. मला आजारच नाही, मग मी का सोसायचं?" एप्रिलमध्ये खरड छाटणीला ती दाजींबरोबर दिवसभर बागेत असते, त्या उन्हात आणि वर ह्या वाफा. त्यात पायात रक्ताची गुठळी होणं, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हे सगळं गोळीच्या माहितीपत्रकात वाचल्यापासून पाकीट कपाटातच आहे.

शोधताना कळलं की हेच औषध जेलच्या रूपात स्तनाच्या त्वचेवर लावायचे प्रयोग अमेरिकेत झालेत. ते इकडे मिळतं का? मागवता येतं का? आणि मुळात त्वचेवर लावलेलं औषध आत गाठीच्या जागेपर्यंत पोचतं कसं? ताईला पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचंय. डॉक्टरांना काय विचारावं तेही सांगा. कुणी घाबरवू नका, आणि हळद-गोमूत्र सुचवू नका, ही विनंती.

---

खलबत्ता:

मी फार्मसी कॉलेजात शिकवते, डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय त्यांच्यासमोरच घ्या.

टॅमॉक्सिफेन गिळल्यावर यकृतात त्याचं रूपांतर होतं. जास्त ताकदीनं काम करतात ती त्यातून तयार होणारी ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन आणि एन्डॉक्सिफेन. जेलमध्ये थेट ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेनच घातलेलं असतं, त्यामुळे यकृताचा फेरा टळतो. हा रेणू लहान आणि तेलात विरघळणारा आहे, त्यामुळे अल्कोहोल घातलेल्या जेलमधून तो त्वचेच्या वरच्या, मृत पेशींच्या थरातून आत झिरपतो. स्तनग्रंथी मुळात त्वचेतूनच घडलेली, दोन्हींच्या लसिकावाहिन्या (ऊतींमधला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) जोडलेल्या, म्हणून औषध तिथेच साठेल आणि बाकी शरीरात थोडंच जाईल अशी ही कल्पना.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डॉ. सीमा खान यांच्या गटानं ती तपासली. २०१४ साली त्यांनी २७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बायकांना डीसीआयएस, म्हणजे नळीच्या आतच राहिलेला कॅन्सर होता. शस्त्रक्रियेआधी ६ ते १० आठवडे काहींना रोज ४ मिग्रॅ जेल आणि काहींना २० मिग्रॅची गोळी दिली. स्तनाच्या ऊतीत औषधाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, रक्तात मात्र जेलवाल्यांमध्ये सुमारे पाचपट कमी. पेशींच्या वाढीचा वेगही दोन्हींत सारखाच उतरला. वाचून मन भरून आलं होतं माझं.

पण पुढे मोठी चाचणी झाली, २०२३ ला निकाल आला, आणि त्यात जेल गोळीच्या तोडीचं आहे हे सिद्ध झालं नाही. प्रतिबंधासाठी ते कुठल्याही दुकानात मिळणारं मंजूर औषध नाही. ऑनलाइन त्या नावानं काही दिसलं तर कृपया घेऊ नका. आत काय आहे कुणी तपासलेलं नसतं.

डॉक्टरांना विचाराच अशी गोष्ट वेगळी आहे: कमी मात्रा. इटलीतल्या एका चाचणीत ५०० बायकांना, ताईंसारख्याच निदानाच्या बायकाही त्यात होत्या, ३ वर्षं रोज ५ मिग्रॅ किंवा औषध नसलेली गोळी दिली. नवे कॅन्सर निम्म्यावर आले, १४ विरुद्ध २८. वाफांचा त्रासही फार वाढला नाही. निकाल २०१९ चा आहे. भारतात १० आणि २० ची गोळी सहज मिळते, काही डॉक्टर १० ची एक दिवसाआड देतात. ताईंना ते चालेल का, हा प्रश्न लिहून न्या.

गर्भाशयाच्या अस्तराबद्दल एक दिलासा. २० मिग्रॅच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, १३,३८८ बायकांच्या, तो धोका मुख्यतः पन्नाशीपुढच्या बायकांत वाढला होता. ताई ४४ च्या आहेत. पण पाळीबाहेर रक्त गेलं तर थांबू नका. पूर्वी कधी गुठळी झाली असेल, घरात कुणाला असेल तर आधीच सांगा. नैराश्याच्या काही गोळ्या, पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, यकृतातलं ते रूपांतर अडवतात, तेही सांगा. आणि गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये.

---

कृष्णाकाठची:

तुमच्या आईला कितव्या वर्षी निदान झालं होतं? लवकर असेल आणि नात्यात आणखी कुणी असेल तर बीआरसीए चाचणीबद्दल, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बदल घराण्यातून आलाय का ते बघणाऱ्या तपासणीबद्दल विचारा, कारण निकालावर पुढचं नियोजन बदलतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये यासाठी समुपदेशन असतं. मी बहिणीबरोबर गेले होते.

---

द्राक्षवेल:

दोघींचे खूप आभार. आईला ४७ व्या वर्षी झालं, आणि तिची एक मावशीही याच आजारानं गेली असं दाजींना ताईनं सांगितल्याचं आठवतं, पण ते नक्की करायला आज मामांना फोन करते. जेलचा विषय ताईसमोर बंद करते. कमी मात्रा, गुठळीचा इतिहास, बीआरसीए हे तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत. मी सुट्टी काढून स्वतः तिच्याबरोबर मिरजेला जाणार आहे. कमी मात्रा कुणी प्रत्यक्ष घेतली असेल, विशेषतः उन्हात कामाला जाणाऱ्या बाईनं, तर वाफांचा अनुभव इथे जरूर लिहा. ताईला तोच ऐकायचा आहे.