उपवास धरूनही वजन वाढतंय, कुठे चुकतंय?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं करत होते, आज लिहितेच. वय 46, उंची पाच फूट दोन, चार वर्षांपूर्वी वजन 58 होतं ते आता 67 झालंय. खाणं वाढलेलं नाही हे अगदी मनापासून सांगतेय, दोन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात, बाहेरचं महिन्यातून एखादवेळा. त्यात सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी धरते म्हणजे महिन्यातले सात-आठ दिवस उपवासच असतो. तरी पोट सुटलंय, जुना एक ब्लाऊज अंगाला येत नाही. तीन वर्षांपूर्वी थायरॉईड निघाला, 50 ची गोळी चालू आहे. घरचे म्हणतात थायरॉईड आहे म्हटल्यावर वजन वाढणारच, काही करून उपयोग नाही. एक मैत्रीण म्हणते दिवसातून दोनदाच जेव, दुसरी म्हणते दर दोन तासांनी थोडं थोडं खा. परवा लेकीच्या शाळेत तिसऱ्या मजल्यावर जाताना इतकी धाप लागली की खरंच घाबरले, आईला शुगर होती आमच्या. कोणी नीट समजावून सांगेल का?

शुभा_ठाणे:
ताई, उपवासाला काय खाता ते लिहिलंच नाहीत, आणि मला वाटतं निम्मी गोष्ट तिथेच आहे. माझंही अगदी हेच होतं म्हणून सांगते. एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन खिचडी मोजली. साबुदाणा कोरडा 75 ग्रॅम म्हणजे जवळपास 260 कॅलरी, दाण्याचं कूट 25 ग्रॅम म्हणजे 140, मोठा चमचाभर तूप 110 च्या वर, वर बटाटा. साडेपाचशेच्या आसपास गेली की एक प्लेट! साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, सगळा स्टार्च, त्यामुळे मला तरी दोन तासांत परत भूक लागायची, मग वेफर्स, मग खजूर, मग संध्याकाळी रताळ्याचा कीस. आमच्याकडे उपवासाच्या दिवशी नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त पोटात जात होतं आणि मी समजत होते की आज पोटाला आराम.

दुसरं म्हणजे तेल. तिघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा. भागून बघा, माणशी रोज 55 मिली, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेचारशे कॅलरी. साधारण 25-30 ग्रॅम तेलतूप मिळून पुरे असतं. आता महिन्याचं तेल बाजूला काढून ठेवते, फोडणी चमच्याने मोजून. चवीत कोणाला फरक कळला नाही.

औषधवाला:
माझं औषधांचं दुकान आहे, डॉक्टर नाही, पण ताई एक विचारतो, थायरॉईडची गोळी कशी घेता? सकाळी चहाबरोबर घेणारे रोज भेटतात. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास सोडायचे, नाहीतर गोळी नीट अंगी लागत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली होती?

आणि घरच्यांना सांगा की थायरॉईड कमी असल्यामुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलो असतं, त्यातही बराचसा भाग पाणी आणि मीठ साठून. नऊच्या नऊ किलो त्याच्या नावावर टाकता येणार नाहीत. स्टिरॉईड, इन्सुलिन, डिप्रेशनच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढतं, असलं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद मात्र करू नका.

मिरजकर:
मला स्वतःला शुगर आहे म्हणून वाचत असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) सारखाच, 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपण भारतीय वरून बारीक दिसतो तरी आत चरबी असते, त्यामुळे आपल्याकडे बीएमआय 23 च्या पुढे गेला की जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा 27 येतोय. पण त्याहून महत्त्वाचा कमरेचा घेर, बाईचा 80 सेंटीमीटरच्या आत हवा, पुरुषाचा 90 च्या. आई डायबेटिक होती तर एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, लगेच करून घ्या, याला उशीर नको.

आणखी एक, ढोबळच हिशोब हं, चार वर्षांत नऊ किलो म्हणजे रोजच्या जेमतेम 50 कॅलरी जास्त. अर्धी पोळी. त्यामुळे खाणं वाढलं नाही हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं, अर्धी पोळी कोणाच्या लक्षात येणार? कदाचित खाणं तेवढंच राहिलं असेल आणि चालणं घटलं असेल. चार वर्षांपूर्वी दिनक्रमात काय बदललं आठवा.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं, कारण आत्तापर्यंत प्रत्येकाने मलाच दोष दिला होता. मिरजकर दादा, चार वर्षांपूर्वी स्कूटी घेतली. त्याआधी बसस्टॉपपर्यंत वीस मिनिटं जाताना आणि वीस येताना चालायचे. गोळी मी चहाबरोबरच घेते, कोणी सांगितलंच नव्हतं. टीएसएच दीड वर्षापूर्वीचा आहे. घेर आत्ता मोजला, 91. सोमवारी दोन्ही तपासण्या करते. पण उपवास सोडवणार नाही माझ्याच्याने, सासूबाईंपासून चालत आलेत.

शुभा_ठाणे:
सोडू नकाच, मीही सोडले नाहीत. वाटीभर भगर, दाण्याची आमटी पातळ आणि दाणे मोजून, काकडीची दह्यातली कोशिंबीर, संध्याकाळी राजगिऱ्याची लाही दुधात. राजगिऱ्यात प्रोटीन चांगलं असतं. दोनदा जेवायचं की पाचदा यावर मी वर्षभर डोकं शिणवलं, शेवटी जे रोज निभतं ते धरलं. आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा भिंतीला टेकून बैठका, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं काहीतरी कराच, आपल्या वयात मांसपेशी कमी होतात आणि पाळी जायच्या सुमाराला चरबी पोटावर जमते. माझे सात किलो उतरायला चौदा महिने लागले. स्कूटी ऑफिसच्या अलीकडच्या चौकात लावता येते का बघा.

गोदाकाठ:
येते की, मंदिराजवळ जागा असते. तिथून दहा-बारा मिनिटं आहे. तपासण्यांचे आकडे आले की इथेच लिहिते.