आठपैकी चार शर्यती जिंकूनही दुसरी : २०१७-१८ चा महिला डाउनहिल हंगाम

गोदाकाठ

२०१७-१८ च्या हिवाळ्यातील महिलांच्या वर्ल्ड कप डाउनहिल शर्यतींचा अंतिम निकाल मला आजही अन्यायकारक वाटतो. तो का वाटतो हे सविस्तर मांडून इतरांची मते जाणून घ्यावीत, यासाठी हा धागा काढत आहे.

ज्यांनी हा स्कीइंगचा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. बर्फाच्या डोंगरउतारावरून खेळाडू एकेकटी खाली येते, वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते आणि प्रत्येकीला संधी एकदाच मिळते. पहिलीला १००, दुसरीला ८०, तिसरीला ६०, असे उतरत जाऊन तिसाव्या क्रमांकाला १ गुण मिळतो. हंगामाच्या शेवटी जिच्या गुणांची बेरीज सर्वाधिक, तिला स्फटिकाचा गोल दिला जातो.

त्या हंगामात अशा आठ शर्यती झाल्या. अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनने त्यांतील चार जिंकल्या, आणि त्याही सलग, शेवटच्या चार : जानेवारीत इटलीतील कोर्तिनाची दुसरी शर्यत, फेब्रुवारीत जर्मनीतील गार्मिशच्या दोन्ही शर्यती आणि मार्चमध्ये स्वीडनमधील ओरे येथील अखेरची शर्यत. इटलीच्या सोफिया गोज्जाने दोन जिंकल्या. तरीही बेरीज झाली ती गोज्जा ५०९ आणि व्हॉन ५०६ अशी, आणि गोल गोज्जाला मिळाला. व्हॉन त्या वेळी ३३ वर्षांची होती आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर पुन्हा उभी राहिलेली होती, परंतु माझा मुद्दा सहानुभूतीचा नाही. निम्म्या शर्यतींत जी सर्वांच्या पुढे राहिली, तिला ‘त्या वर्षीची सर्वोत्तम’ म्हणता येऊ नये, हा गणिताचाच दोष आहे.

मी अनेक वर्षे शाळेतील मुलींकडून धावण्याचा सराव करून घेतला आहे. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्या दिवशी कोण आधी पोहोचले एवढेच पाहिले गेले होते. जिंकण्याला इतर सर्व क्रमांकांपेक्षा वेगळे मोल असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सातपूरचा गडप्रेमी

ताई, आपली तळमळ समजते, परंतु निष्कर्ष मान्य नाही. व्हॉनचे ५०६ गुण कसे झाले ते एकदा मांडून पाहावे. चार विजयांचे ४००, कोर्तिनाच्या पहिल्या शर्यतीतील दुसऱ्या क्रमांकाचे ८०, कॅनडातील लेक लुईसच्या दुसऱ्या शर्यतीत बाराव्या आल्याचे २२ आणि ऑस्ट्रियातील बाड क्लाइनकिर्खहाइम येथे सत्ताविसाव्या आल्याचे ४. हे झाले सात शर्यतींचे. आठवी, म्हणजे हंगामातील पहिलीच, लेक लुईसची शर्यत. तिथे त्या पडल्या आणि त्यांना शून्य गुण मिळाले. त्या दिवशी त्या केवळ सत्ताविसाव्या क्रमांकाने खाली पोहोचल्या असत्या, तरी बेरीज ५१० होऊन गोल त्यांचाच झाला असता. त्यांना कमी पडलेले तीन गुण नियमाने हिरावून घेतलेले नाहीत, ते लेक लुईसच्या उतारावर गेले.

हरिहरच्या पायऱ्या चढणारे पुष्कळ असतात, पण माणसाची खरी पारख तो उतरताना होते, हे आपल्याकडचा कोणताही गिर्यारोहक सांगेल. डाउनहिल हा तर केवळ उतरण्याचाच खेळ आहे. त्यात न पडता खाली येणे ही वेगाइतकीच मोठी विद्या आहे, आणि हंगामाची बेरीज तिचीच परीक्षा घेते.

दुसरा मुद्दा अंतराचा. गार्मिशच्या दोन्ही शर्यतींत आणि ओरे येथे व्हॉनच्या मागे दुसरी गोज्जाच होती, आणि ती अनुक्रमे ०.०२, ०.११ व ०.०६ सेकंदांनी मागे होती. तिन्ही मिळून ०.१९ सेकंद. या एवढ्याशा फरकासाठी व्हॉनला ६० गुण अधिक मिळाले. उलट बाड क्लाइनकिर्खहाइमची शर्यत गोज्जाने एका सेकंदाहून अधिक अंतराने जिंकली, तिथेही दुसऱ्या क्रमांकावर तिला आघाडी मिळाली ती २० गुणांचीच. मग गणिताने नेमका कोणावर अन्याय केला?

आणि एका दिवसाच्याच निकालाला मोल द्यायचे असेल, तर त्याच फेब्रुवारीतील प्याँगचांग ऑलिंपिक विसरून चालणार नाही. तिथे गोज्जाने सुवर्ण मिळवले, नॉर्वेची राग्नहिल्ड मोविन्केल ०.०९ सेकंदांनी दुसरी आली आणि व्हॉन तिसरी.

आकडेमोड, गंगापूर रोड

माझ्या मते आपण दोघेही बेरजेकडून तिला न पेलणारे काम करून घेत आहात. आठ शर्यतींचा हंगाम मुळातच लहान आहे, आणि हवामानामुळे तो आणखी आक्रसतो.

याच गोज्जाचा २०२०-२१ चा हंगाम पाहावा. तिने सलग चार डाउनहिल जिंकल्या, त्याआधी एकदा ती दुसरी आली होती, म्हणजे ४८० गुण झाले. त्यानंतर जानेवारीच्या अखेरीस गार्मिशमध्ये तिचा गुडघा दुखावला आणि तिचा हंगाम तिथेच संपला. पुढच्या दोन शर्यती तिच्याविना झाल्या, स्वित्झर्लंडमधील लेन्झरहाइडे येथील शेवटची शर्यत हवामानामुळे रद्द झाली, आणि गोल शर्यतीत नसलेल्या गोज्जाकडेच राहिला. गडप्रेमी म्हणतात ती टिकून राहण्याची परीक्षा त्या वर्षी नेमकी कोणी दिली?

व्हॉनच्या बाबतीत तर तीन गुणांनी विजेतेपद हुकणे हे २०१७-१८ मध्ये दुसऱ्यांदा घडले. २०१०-११ मध्ये सर्व प्रकारांच्या एकत्रित विजेतेपदात जर्मनीची मारिया रीश १७२८ आणि व्हॉन १७२५ गुणांवर असताना अखेरची जायंट स्लॅलम (खांबांच्या जोड्यांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत) रद्द झाली, आणि तेव्हाही फरक तीनच गुणांचा होता. रद्द झालेल्या शर्यती अन्यत्र भरवण्याची सक्ती असावी, आणि ठरावीक संख्येपेक्षा कमी शर्यती झाल्यास गोल देऊच नये, असे मला वाटते.

सिडकोतील वाचक

एक बाजू राहून गेली आहे. हंगामाची बेरीज करायची म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रिया, इटली, जर्मनी आणि स्वीडन असा हिवाळाभर प्रवास, त्यासाठी संघ, प्रशिक्षक आणि पैसा. त्याच जानेवारीत मनालीजवळच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात स्लॅलममध्ये (जवळजवळच्या खांबांमधून झटपट वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत) कांस्यपदक मिळवले, ते आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधील भारताचे पहिले पदक होते. तिच्यासारखीसाठी एका दिवसाची शर्यत हीच संधी असते. म्हणून जिंकण्याचे मोल वाढवावे, या गोदाकाठ ताईंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे.

गोदाकाठ

गडप्रेमींच्या ०.१९ सेकंदांना माझ्याजवळ सरळ उत्तर नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. ऑलिंपिकचा दाखलाही माझ्या विरोधात जातो. परंतु काल रात्री मी एक हिशेब करून पाहिला, तो इथे देते.

गोज्जाचे दुसरे क्रमांक तीन, व्हॉनचा एक. दुसऱ्या क्रमांकाला ८० ऐवजी ७८ गुण दिले असते, तर व्हॉन ५०४ आणि गोज्जा ५०३ झाल्या असत्या. केवळ दोन गुणांनी वर्षाची विजेती बदलते. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८ गुण मिळतात, म्हणजे दुसऱ्याचा वाटा ७२ टक्के. इथे तो ८० टक्के आहे. १०० ला ८० हे प्रमाण कोणीतरी ठरवलेले आहे, निसर्गनियम नव्हे, आणि ते दुसऱ्या क्रमांकाला फार उदारपणे तोलते, एवढेच माझे म्हणणे आता उरले आहे. शर्यतींच्या किमान संख्येची सूचना मला पटते, पण गोल देऊच नये हे पटत नाही. हवामानाची शिक्षा खेळाडूंना का द्यावी?

सातपूरचा गडप्रेमी

हिशेब अचूक आहे, मी तो दोनदा पडताळला. परंतु नियम बदलला की खेळाडूही बदलते. दुसऱ्या क्रमांकाचे मोल कमी आहे हे ठाऊक असते, तर ओरे येथे गोज्जाने अधिक धोका पत्करला असता. तिथे व्हॉनच्या पाठोपाठ दुसरे येणे तिला गोलासाठी पुरेसे होते, आणि ती दुसरी आली. झालेल्या शर्यतींना न झालेला नियम लावून विजेती ठरवता येत नाही.

गोदाकाठ

हे मान्य. पण मग ‘लेक लुईसला सत्ताविसाव्या आल्या असत्या तर’ हा आपला हिशेबही त्याच न्यायाने मागे घ्यावा लागेल. सत्ताविसावे यायचे म्हणून व्हॉन त्या उतारावर कधीच उभी राहिली नसती.