'प्रकाश-सक्रियित अब्जांश कण' : सोपं कसं लिहू?

मुक्ता_कर्वेनगर : कर्करोगाच्या रुग्णांच्या एका मदतगटासाठी नव्या संशोधनाची पुस्तिका मराठीत करते आहे. अतिसूक्ष्म कण शिरेतून सोडायचे, ते गाठीत साठतात. ठरावीक प्रकाश टाकला की चमकून गाठ कुठे आहे ते दाखवतात आणि तिथल्याच पेशी मारतात. मी शीर्षकातले शब्द वापरले. मसुदा वाचून एका बाईंचा मुलगा म्हणाला, "ताई, म्हणजे आईला परत लाईट द्यायची का?" त्यांच्याकडे रेडिएशनला 'लाईट'च म्हणतात. तेव्हापासून पुढे लिहवत नाही.

भिडे_नारायणपेठ : 'अब्जांश' सोडू नका. मीटरचे अब्ज भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. हिशोब शब्दातच आहे. 'नॅनो' म्हणजे ग्रीकमध्ये खुजा. त्यातून माप कुठे कळतं?

शर्वरी : काका, पण कळतं ते 'नॅनो'च. आकार सांगायचा तर केसाची जाडी ऐंशी हजार ते लाखभर नॅनोमीटर असते, हे लिहा. खरा खडा 'सक्रियित' आहे, दाताखाली येतो. 'प्रकाशाने चेतणारे कण' का नको? आमच्या चऱ्होलीच्या आजी 'चूल चेतली का गं?' असंच विचारायच्या.

देशपांडे_सहकारनगर : कर्करोगाच्या पुस्तिकेत चेतणं? चितेवरूनच आलाय तो शब्द.

भिडे_नारायणपेठ : नाही हो. चेतणे 'चित्' धातूवरून, चेतना त्यातलीच. चिता 'चि' वरून, म्हणजे रचणे.

देशपांडे_सहकारनगर : व्युत्पत्ती बरोबर असेल, पण वाचणाऱ्याच्या मनात चिताच येणार. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही 'सरणे' हा शब्दही घरात टाळायचो.

रसायन_औंध : अर्थाचीही अडचण आहे. सोन्याचे कण प्रकाशाने तापतात आणि पेशी भाजून मारतात, तिथे 'चेतणे' जवळचं. दुसऱ्या प्रकारात कण तापवायचे नसतात, प्रकाशाची ऊर्जा ऑक्सिजनला देऊन त्याला मारक बनवतात. म्युनिकमध्ये 1900 च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याला हे असंच दिसलं होतं: अ‍ॅक्रिडीन रंग घातलेले एकपेशीय जीव उजेडात मरत, अंधारात जगत. त्याच्या गुरूंनी 'फोटोडायनॅमिक' हे नाव दिलं, त्याचं आपण 'प्रकाशगतिक' केलं. गती कोणाची? शब्दाला शब्द ठेवला की असं होतं.

शर्वरी : मग 'उजेडाने जागे होणारे कण'. अंधारात निजलेले असतात, हे चित्र खरंही आहे.

भिडे_नारायणपेठ : परिभाषा अंगाईसारखी नसावी. एका शब्दाला एकच अर्थ हवा, नाहीतर पुढचा अनुवादक अडेल.

शर्वरी : पुढच्या अनुवादकासाठी नाही, त्या मुलासाठी लिहायचंय.

माई_तळजाई : माझ्या आत्याच्या हातावर कोड होतं. वैद्य बावची लावून कोवळ्या उन्हात बसवायचे, 'औषधाला ऊन दाखवा' म्हणायचे. बावचीतल्या सोरालेनवर ऊन पडल्यावरच ते काम करतं, हे मला फार पुढे कळलं. आत्या अंगणात तुळशीशेजारी हात पालथा ठेवून बसायची. 'उजेड दाखवल्यावर काम करणारं औषध' असं लिहिता येणार नाही का?

रसायन_औंध : माई, हे तंतोतंत बसतं. मात्र सोरालेनला अतिनील किरण लागतात, हे वेगळं.

मुक्ता_कर्वेनगर : 'उजेड दाखवणे' फार आवडलं. पण त्या मुलाच्या 'लाईट'चं काय? 'ही ती लाईट नव्हे' असं पहिल्याच ओळीत लिहू का?

भिडे_नारायणपेठ : माई, बावची की बाकुची? संस्कृतात बाकुची आहे.

माई_तळजाई : आमच्याकडे बावचीच. काळ्या बिया, उग्र वासाच्या. आत्याच्या पदरालाही तो वास यायचा.